कोल्हापुरातला समतेचा लढा : हुकूम निघाला, पुढे अंमल कसा झाला?

भवानीमंडप (धागाकर्ता)

जून-जुलै उजाडला की शाहू महाराजांच्या फोटोखाली दोन ओळी फिरायला लागतात आणि त्यांत २६ जून व २६ जुलै यांची सरमिसळ ठरलेली. २६ जून १८७४ हा जन्मदिवस, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. २६ जुलै १९०२ हा राखीव जागांचा हुकूम. पण तारखा नीट लावल्या तरी एवढ्यानं काहीच कळत नाही. हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी माणसं खुर्चीत जाऊन बसत नाहीत. कचेरीत कोण अडवणार, कुठल्या पळवाटेनं अडवणार आणि त्याला आळा कसा घालायचा, हे हुकमातच लिहून ठेवावं लागतं. म्हणून या धाग्यात अंमलबजावणीवर बोलू. भाषणं, गौरव, अभिवादन यांसाठी इतर धागे आहेत.

सुरुवात १९०२ पासून. महाराजांनी २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. आठ वर्षांनी हुकूम निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला. त्यातले मुद्दे असे: हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक याच वर्गातल्या माणसाची करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं नेमणुकांचं तिमाही पत्रक सरकारकडे पाठवायचं.

लोक "निम्म्या जागा दिल्या" म्हणून थांबतात. नोकरीत असलेल्या कुणालाही काढलं नव्हतं, रिकाम्या होणाऱ्या जागांचा प्रश्न होता. तिमाही पत्रकाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. ते नसतं तर खातेप्रमुखानं "लायक उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून वर्षानुवर्षं विषय बाजूला ठेवला असता. दर तीन महिन्यांनी आकडा लिहून द्यायचा म्हटल्यावर ते सोपं राहत नाही.

मोडीवाचक

चांगला विषय काढलात. हुकमातल्या व्याख्येबद्दल लिहायलाच हवं. मागासलेले वर्ग कोणते, याची जातवार यादी त्यात दिलेलीच नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, अशी ती व्याख्या आहे.

याचा फायदा मोठा होता. यादी केली असती तर "आमची जात यादीत नाही" म्हणून अर्ज सुरू झाले असते, प्रत्येक अर्जावर चौकशी आणि चौकशीत दोन वर्षं. वगळलेली नावं चारच असल्यावर कारकुनाला अर्थ लावायला फारशी जागा उरत नाही.

तोटाही तिथेच आहे, आणि तो आपण झाकू नये. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, चांभार सगळे एकाच खान्यात आले. त्यांतल्या ज्यांच्या घरात आधीच थोडी अक्षरओळख होती त्यांना जागा आधी मिळणार हे उघड आहे. १९१२ च्या आकड्यांत ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५ वर आले, म्हणजे हुकमानं काम केलं. पण उरलेल्या ६० मध्ये अस्पृश्य समाजाच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न त्या आकड्यानं सुटत नाही. म्हणूनच महाराजांना १९१७ ते १९२० या काळात वेगळे हुकूम काढावे लागले. १९०२ चा हुकूम हा पहिला टप्पा समजून वाचला तरच पुढचं जुळतं.

गडहिंग्लजची_लेक

मोडीवाचकदादा, मधला टप्पा तुम्ही गाळलात. नोकरीला उमेदवार हवा तर तो इंग्रजी शिकलेला हवा. वरचं शिक्षण होतं कोल्हापूर शहरात. गडहिंग्लज, भुदरगड, शिरोळकडच्या पोराला शहरात राहायला खोली कोण देणार आणि जेवायला कोण घालणार? ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवायची सोय होती, नातेवाइकांचे वाडे होते. बाकीच्यांना यातलं काहीच नव्हतं. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती, ताट आणि अंथरूण कुठं मिळणार याची होती.

१८९६ मध्ये सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. त्यात ब्राह्मण विद्यार्थीच भरले गेले, कारण त्या वेळी शिकायला येणारे बहुतेक तेच होते. मग धोरण बदललं. १९०१ ला मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी, जिचं मुस्लिम बोर्डिंग आजही दसरा चौकात आहे. १९०७ ला वीरशैव लिंगायत वसतिगृह. १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीच्या नावानं. त्याच वर्षी शिंप्यांचं नामदेव बोर्डिंग. पुढे सारस्वत (म्हणजे शेणवी), ख्रिश्चन, कायस्थ प्रभू अशी भर पडत गेली. म्हणजे १९०२ च्या हुकमात जे वगळले होते त्यांतल्या शेणवी-प्रभूंच्या मुलांनाही वसतिगृह मिळालं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पद्धतही लक्षात घ्या. त्या त्या समाजाची कमिटी उभी करायची, त्यांनी आपसांत वर्गणी काढायची आणि संस्थानानं जागा, इमारत किंवा सालाना मदत द्यायची. सगळा खर्च दरबारनं केला असता तर महाराज गेल्यावर, १९२२ नंतर, यातली निम्मी वसतिगृहं बंद पडली असती. समाजाचा पैसा आणि समाजाची माणसं गुंतलेली असल्यामुळे ती टिकली.

उत्तरेश्वर_पेठ

ताई, माहिती पक्की आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली. मराठा पोरगा मराठ्यांत वाढला, जैन जैनांत. आज त्या संस्थांच्या निवडणुका कशा होतात ते आपण सगळे बघतो. समतेच्या लढ्याचं साधन म्हणून हे धरायचं का?

गडहिंग्लजची_लेक

आक्षेप रास्त आहे आणि त्या काळातही तो घेतला गेला होता. पण पर्याय कोणता होता ते बघा. मिश्र वसतिगृहाचा प्रयोग आधी झालाच होता आणि तो कुणाच्या पथ्यावर पडला ते वर लिहिलंय. १९०८ मध्ये एका पंगतीत अस्पृश्य मुलगा बसवायचं ठरवलं असतं तर बाकीच्यांच्या आईबापांनी पोरं घरी नेली असती आणि अस्पृश्य मुलाला त्यानंतर एक दिवससुद्धा तिथे राहू दिलं नसतं. आधी मुलगा शहरात टिकवायचा, मग शाळेत एका बाकावर बसवायचा, असा क्रम होता. आणि शाळेच्या बाबतीत तडजोड केली नाही: १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद करून त्यांची मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. संस्थांच्या आजच्या निवडणुकांचा दोष १९०१ वर टाकणं मला पटत नाही.

शिरोळकर

शाळेचा विषय निघालाय तर १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. "मोफत" सगळ्यांना आठवतं, "सक्ती" विसरतात. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. शेतमजुराच्या घरात एक रुपया म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. तिथे अडचण अशी की ज्याला मुलाच्या मजुरीची गरज सर्वांत जास्त, दंडही त्यालाच सर्वांत जड. सुगीला पोर शेतावर, उन्हाळ्यात गुरामागं. नुसत्या दंडानं हे सुटत नाही. गावात शाळेची जागा, मास्तर आणि हजेरीपट तिन्ही एकदम लागतात. जागेचा तोडगा बऱ्याच ठिकाणी देऊळ, चावडी, धर्मशाळा असा निघाला. आता देवळात शाळा भरली तर अस्पृश्य मुलाला पायरीवरच थांबावं लागणार. म्हणून शिक्षणाचा कायदा आणि सार्वजनिक जागांचा हुकूम एकमेकांशिवाय लंगडे होते. दुसरा हुकूम दोन वर्षांनी आला.

सनदी_वकील

शिरोळकरांनी जिथं सोडलं तिथून पुढे.

१९१९ च्या हुकमात सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा, सरकारी इमारती इथे अस्पृश्यता पाळायची नाही, असं आहे. तत्त्व म्हणून असे ठराव पुढे पुष्कळ झाले. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनं त्यावर विसंबून चवदार तळं कागदावर खुलं केलं, आणि प्रत्यक्ष पाणी घ्यायला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कारण ठराव मोडणाऱ्याचं काय करायचं, ते ठरावात नव्हतं.

कोल्हापूरच्या हुकमांत ते आहे. गावात हुकूम मोडला गेला तर जबाबदार गावकामगार पाटील आणि तलाठी. सरकारी नोकरांपैकी कुणाला अस्पृश्यांना समानतेनं वागवायला हरकत असेल तर त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यायचा, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला पेन्शन बुडेल हे वाक्य कसं ऐकू येतं, त्याचा विचार करा. ज्यानं हे कलम घातलं त्याला कचेरी आतून माहीत होती.

आता यातली खरी गुंतवळ. तलाठ्याला जबाबदार धरायचं तर तलाठी हवा ना? १९१८ पर्यंत गावाचं दप्तर कुलकर्ण्याकडे होतं, वतनानं. वतनदाराची बदली होत नाही, त्याला सहज काढता येत नाही, त्याच्यानंतर त्याचा मुलगा. अशा माणसाला "हुकूम मोडलास तर जबाबदार" म्हणून उपयोग नव्हता. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी आणले आणि त्यांत अस्पृश्य तरुणांनाही तयार करून नेमलं. म्हणजे १९१९ च्या हुकमाला दात आले ते १९१८ मुळे. हे दोन हुकूम वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, त्यामुळे विद्यार्थ्यांना दुवा दिसत नाही. पाटील मात्र वतनदारच राहिला, आणि गावागावांत अडलं ते बहुतेक तिथेच अडलं.

याच काळात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची सक्ती उठवली, तीही १९१८ ची. गुन्हा केलेला असो वा नसो, रोज चावडीवर जाऊन हजर आहे असं सांगायचं, ही ती सक्ती. एका फटक्यात हजारो माणसांची रात्र मोकळी झाली. वेठबिगारीवरची बंदी १९२० ची.

मोडीवाचक

महार वतनाचं स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्यात सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

"वतन म्हणजे जमीन मिळाली होती, ती काढून घेतली" असं काहीजण लिहितात. उलट आहे. महार वतनाची जमीन सगळ्या महारकीत सामाईक, तुकडे पडून पडून एकेका घराच्या वाट्याला चिंधीएवढी. तिच्या मोबदल्यात सरकारी काम, गावकी, टपाल पोचवणं, साहेब आला की सामान वाहणं, वर्दी देणं. किती तास, किती दिवस, याला हिशेब नाही. जमीन जावी अशी भीती, म्हणून नाही म्हणता येत नाही. गाव सोडून मुंबईला गिरणीत जायचं तरी घरातलं कुणीतरी मागं ठेवावं लागे.

१९१८ च्या हुकमानं ती जमीन रयतावा केली: ज्याच्या वहिवाटीला तुकडा त्याच्या नावावर, सारा भरायचा आणि सेवा संपली. म्हणजे जमीन राहिली, बांधिलकी गेली. नव्यानं डोक्यावर आला तो सारा, आणि लहान तुकड्यावर तो भरणं काही घरांना जड गेलं. हा तोटाही सांगितला पाहिजे.

तुलनेसाठी: मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी वतन सुधारणेचं विधेयक १९२८ मध्ये मांडलं, पण ते त्या वेळी तडीला गेलं नाही. तिथे कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्यानं रद्द झाली १९५८ च्या अधिनियमानं. कोल्हापूर चाळीस वर्षं पुढे होतं.

उत्तरेश्वर_पेठ

आतापर्यंतच्या सगळ्या पोस्टींत कर्ता एकच दिसतोय, महाराज. धाग्याच्या नावात "लढा" आहे. राजानं दिलं आणि प्रजेनं घेतलं, याला लढा म्हणायचं का? लोक कुठे आहेत?

भवानीमंडप (धागाकर्ता)

बरं झालं विचारलंत. लोक होतेच. हुकमांच्या नावाखाली ते झाकले जातात.

कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ मध्ये उभी राहिली. परशुराम घोसरवाडकर, विठ्ठलराव डोणे मास्तर, भास्करराव जाधव ही त्यातली माणसं. पुरोहिताशिवाय लग्न, श्राद्ध, वास्तुशांत लावायची तर विधी सांगणारा माणूस लागतो, म्हणून त्यांनी बहुजन समाजातले पुरोहित तयार करायची शाळा काढली. वेदोक्ताचं प्रकरण, म्हणजे महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तो वाद, दरबारापुरतं राहिलं असतं, ते या मंडळींनी खेड्यापाड्यांत नेलं.

गंगाराम कांबळे हे दुसरं नाव. सरकारी पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. तिथे स्वतः थांबून चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. ही हकिगत सगळ्यांना येते, पण ती महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. गंगारामांच्या बाजूनं बघा. भरवस्तीत, रहदारीच्या रस्त्यावर, अस्पृश्य माणसानं रोज सकाळी शेगडी पेटवून दुकान उघडायचं. महाराज यायचे तेवढा वेळ संरक्षण, बाकीचा दिवस एकट्याचा. पुढे महाराज गेल्यावर नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तोही गंगारामांनी आणि अस्पृश्य बांधवांनी.

आणि दत्तोबा पोवार. चर्मकार समाजातले, शहराच्या नगरपालिकेच्या कारभारात आलेले. बाबासाहेब आणि महाराज यांची गाठ पडण्यात त्यांचा हात होता.

शिरोळकर

माणगावच्या अस्पृश्य परिषदेचं मी लिहितो, आमच्या बाजूचं आहे.

हे माणगाव हातकणंगले तालुक्यातलं, तेव्हाच्या कागल जहागिरीतलं. रायगडचं माणगाव वेगळं. वर्तमानपत्रांतसुद्धा ही चूक होते, आणि शाळेच्या प्रदर्शनात तर कोकणच्या नकाशावर टाचणी मारलेली असते.

परिषद २१ आणि २२ मार्च १९२०. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय २८, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेले. त्याच्या आधी ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला होता, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. परिषदेच्या व्यवस्थेत गावातले आप्पासाहेब पाटील हे जैन गृहस्थ पुढे होते. परिषद गावात भरवायची म्हणजे मांडव, पाणी, माणसांची उतरायची सोय. या कामांना स्पृश्य घरांनी हात लावला, हीच त्या वेळी मोठी घटना.

ठरावांकडे बघा. रस्ते, विहिरी, शाळा यांचा वापर हा माणूस म्हणून हक्क आहे. मेलेल्या जनावराचं मांस खायचं सोडायचं. तलाठ्याच्या जागा अस्पृश्यांना मिळाव्यात. कायदेमंडळात स्वतंत्र प्रतिनिधी हवेत. यातले काही ठराव सरकारला उद्देशून आहेत, काही स्वतःच्याच समाजाला. दुसरी गोष्ट: महाराज तिथे आले आणि लोकांना म्हणाले ते थोडक्यात असं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. राजा व्यासपीठावर असून परिषदेचा अध्यक्ष दुसरा. उत्तरेश्वर पेठकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं.

त्याच वर्षी मे अखेरीस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्ष महाराज होते.

गडहिंग्लजची_लेक

बायकांचे कायदे कुणी घेतलेच नाहीत. विधवा पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा १९१७. आंतरजातीय विवाहाला मान्यता, घटस्फोटाचे नियम आणि घरात स्त्रीला क्रूरपणे वागवण्याला बंदी, हे १९१९. जोगतिणी-देवदासींच्या प्रथेविरुद्धचा कायदा १९२०. घरातल्या छळाविरुद्ध भारतीय दंडसंहितेत ४९८-अ आलं ते १९८३ मध्ये. छळ हा नवरा-बायकोचा खासगी मामला नाही, असं एका संस्थानानं चौसष्ट वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

मोडीवाचक

१९२२ नंतरचं. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले, राजाराम महाराज गादीवर आले. इथून पुढे लढ्याचं तोंड बदलतं. आधी मागणी होती गावातल्या पाणवठ्यावरच्या हक्काची, आता मागणी आली कारभारात वाटा मिळण्याची.

फेब्रुवारी १९३९, जयसिंगपूर, प्रजा परिषद. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार, दिनकर देसाई. मागण्या: जबाबदार राज्यपद्धती, शेतसाऱ्यात सूट. बागल सत्यशोधक घरातले, वडील खंडेराव 'हंटर' पत्राचे संपादक, स्वतः चित्रकार. शाहू महाराजांच्या विचारात वाढलेला माणूस शाहू महाराजांच्या मुलाच्या दरबाराविरुद्ध उभा राहतो, तेव्हा पुष्कळांना ते खटकलं. पण त्यात विसंगती नव्हती. हक्क एका राजाच्या मर्जीवर असले तर दुसऱ्या राजाच्या काळात काय, हाच प्रश्न होता.

१९४० मध्ये राजाराम महाराज गेले, गादीवर अज्ञान राजा, कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजाच्या नावानं इतरांनी चालवलेला. अर्ज-विनंत्या ऐकणारं कुणी उरलं नाही. १९४२ ला चळवळ रस्त्यावर आली. आज शिवाजी चौक आहे तिथे गव्हर्नर लेस्ली विल्सनचा पुतळा होता. त्याच्यावर ॲसिड टाकून तो विद्रूप केला भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी. १९४३ ला कार्यकर्त्यांनी तो फोडला. १९४५ मध्ये त्याच जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. गारगोटीच्या खजिन्यावरचा हल्ला १३ डिसेंबर १९४२ चा, तिथे सात जण हुतात्मा झाले. रत्नाप्पाण्णा भूमिगत राहिले, पुढे घटना समितीत गेले, राज्यघटनेवर त्यांची सही आहे.

उत्तरेश्वर_पेठ

आणि १९४८? हक्कांचा इतिहास लिहायचा तर तोही लिहा. गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं, दुकानं जाळली गेली. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मी उत्तरेश्वर पेठेत राहतो, इथल्या जुन्या घरांना हे विसरता येत नाही.

भवानीमंडप (धागाकर्ता)

लिहायलाच हवं, आणि मऊ शब्दांत नको. घर जाळताना माणसानं काय केलं हे कुणी विचारलं नव्हतं, त्याची जात बघितली होती. ज्या शहरानं चावडीवरची हजेरी "जातीवरून गुन्हेगार ठरवता येणार नाही" म्हणून बंद केली, त्याच शहरात तीस वर्षांनी हे झालं. चौकशीसाठी न्यायमूर्ती कोयाजींची नेमणूक झाली. या प्रकरणानं संस्थानचा कारभार किती खिळखिळा झालाय ते उघड्यावर आलं आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. या धाग्यात १९१९ आणि १९४८ शेजारी शेजारी राहू देत.

शिरोळकर

विलीनीकरणानंतरची एक तारीख: ९ डिसेंबर १९५०. बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात होते, कायदामंत्री होते.

शाळा-कॉलेजवाल्यांसाठी पायी मार्ग सुचवतो. दसरा चौकातून निघा: शाहू महाराजांचा पुतळा, भोवती मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचं चित्रदुर्ग मठ वसतिगृह. १९०२ चा हुकूम आणि वसतिगृहं इथेच समजावून सांगा, इमारती समोर असतात. तिथून सीपीआर रुग्णालय आणि टाऊन हॉलवरून भाऊसिंगजी रोडला लागा, गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलचा रस्ता हाच. सीपीआरसमोर दवाखान्यांचा १९१९ चा हुकूम वाचून दाखवा, राजीनाम्याच्या कलमासकट. पुढे शिवाजी चौक, विल्सनच्या पुतळ्याची जागा. मग भवानी मंडप आणि तिथून बिंदू चौक. रमतगमत दोन तास. रविवारी सकाळी सातला निघा. नऊनंतर महाद्वार आणि भवानी मंडपाकडे अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी होते आणि चाळीस मुलांना बोललेलं ऐकू जात नाही. नर्सरी बाग या ओळीत बसवू नका, वेगळा दिवस ठेवा.

गडहिंग्लजची_लेक

एक व्यवहाराचा प्रश्न. आपल्या गावची महार वतनाची जमीन १९१८ नंतर कुणाच्या नावावर लागली, हे शोधायचं तर सुरुवात कुठून?

सनदी_वकील

ताई, आजच्या सातबाऱ्यापासून मागं जायचं. क्रम असा.

सातबाऱ्यावर डाव्या बाजूला आणि नावांपुढे वर्तुळात फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढा. तो आधीच्या फेरफारापर्यंत नेतो. दुमाला, म्हणजे इनाम-वतन जमिनींची वेगळी वही गाव नमुना तीन, तीही मागा. भोगवटादार वर्ग दोन असा शेरा दिसला तर हस्तांतरावर बंधन आहे, त्याचं कारण फेरफारातच मिळतं.

बहुतेक लोक अडकतात ते एकत्रीकरणाशी, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडले त्याशी. आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर वेगळे. गट नंबर घेऊन संस्थानकाळचं दप्तर शोधलं तर काहीच सापडत नाही आणि माणूस "नोंदच नाही" म्हणून परत येतो. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्या. त्यावर जुना नंबर मिळेल. मग त्या नंबरावर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहा. नुसतं "जुनी कागदपत्रं मिळावीत" लिहिलं की अर्ज परत येतो.

मोडीवाचक

त्याला जोड. संस्थानकाळचे कागद मोडीत असतील आणि साल फसली असेल. फसलीत ५९० मिळवा म्हणजे ते वर्ष सुरू झालेलं इसवी साल येतं. फसली वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला ५९१ मिळवायचे. फसली १३२८ म्हणजे जून १९१८ ते जून १९१९. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, तिथेही फरक मृगाचाच. दोन्ही सनांत नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि कागदाच्या डोक्यावर कोणता सन ते न बघता हिशेब केला की १९१८ चा हुकूम १९०९ चा किंवा १९२७ चा वाटू लागतो. नावं वाचताना मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, त्यामुळे आडनावावर भर देऊ नका. वतनाच्या कागदांत बऱ्याचदा आडनावच नसतं, नाव, बापाचं नाव आणि पुढे "महार" एवढंच. घर ओळखायचं तर चतुःसीमा वाचा: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोणाचा बांध, ओढा कुठे. जमिनीच्या शेजाऱ्यांची नावं आजच्या गटाच्या नकाशाशी जुळली की तुकडा सापडला.

गडहिंग्लजची_लेक

नऊ-तीनचा उतारा मागायचं लक्षात आलं नव्हतं. नमुना तीनसाठी अर्ज तलाठ्याकडे करायचा की तहसीलला?

सनदी_वकील

चालू वही तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. जुन्या वह्या जमा झालेल्या असतात त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात. दोन्हीकडे वेगळे अर्ज द्या आणि दोन्हीची पोच घ्या. नक्कल मागताना "प्रमाणित" हा शब्द अर्जात लिहा, नाहीतर साधी झेरॉक्स हातात पडते आणि पुढे कुठे चालत नाही.